सुंगटांशेजारी सोडे: सॉर्टिंग वेगळं, ग्रुपिंग वेगळं

मालवणातल्या ओळखीच्या काकींच्या मासळीच्या दुकानासाठी बिलाचा प्रोग्राम लिहिला. मालाच्या ड्रॉपडाउनला नावाप्रमाणे सॉर्टिंग लावलं आणि मोकळा झालो. इसवण, कुर्ल्या, तारली, बांगडे आणि खाली सुंगटां (म्हणजे ओली कोळंबी), त्याला चिकटून सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी). पहिल्याच आठवड्यात ओल्या सुंगटांना सोड्यांचा दर लागला. काकी म्हणाल्या, "सुकी मासळी नि ओली मासळी एकत्र कोण ठेवता रे?"

सॉर्टिंग फक्त रांग लावतं. नावाऐवजी प्रकाराप्रमाणे सॉर्ट केलं तर ओलं वर, सुकं खाली येतं खरं, पण ओलं कुठे संपलं हे पडद्यावर दिसत नाही. ती सीमा मथळ्यानेच दिसते आणि मथळे देतं ते ग्रुपिंग.

डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोज प्रोग्रामचे पडदे बनवायची मायक्रोसॉफ्टची प्रणाली) यादी कलेक्शनव्ह्यूसोर्समध्ये, म्हणजे यादीची मांडणी सांभाळणाऱ्या घटकात, घ्यायची आणि त्याच्या ग्रुपडिस्क्रिप्शन्समध्ये 'प्रकार' ही प्रॉपर्टी द्यायची. एवढं करून मथळे दिसले नाहीत, तर कॉम्बोबॉक्सला (म्हणजे ड्रॉपडाउनला) ग्रुपस्टाईल, म्हणजे मथळा कसा दाखवायचा ते, द्यायची राहिली आहे. माझा अर्धा दिवस त्यातच गेला. विंडोज फॉर्म्स या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रणालीच्या साध्या कॉम्बोबॉक्समध्ये ही सोयच नाही, म्हणून लोक '--- सुकी ---' अशी खोटी ओळ घालतात. मग ती निवडता येते आणि बिलात 'सुकी' नावाचा मासा चढतो! डब्ल्यूपीएफचा मथळा हा यादीतला माल नसतो, त्यामुळे निवडलाच जात नाही.

बोंबील ओला आणि सुका दोन्ही गटांत हवा, तर सरळ दोन नोंदी करा. दर वेगळा आहे ना.

आता खरी गोम. गटांचा क्रम ग्रुपिंग आपणहून लावत नाही. ज्या प्रकारचा माल यादीत आधी भेटला, तो गट वर. म्हणजे ग्रुपिंग केलं तरी सॉर्टिंग लागतंच. तेही प्रकाराच्या नावावर केलं तर 'ओली' कायम 'सुकी'च्या वर. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा दुकानात चालते ती सुकीच. म्हणून प्रत्येक प्रकाराला एक क्रमांक दिला. सॉर्टडिस्क्रिप्शन्समध्ये आधी तो क्रमांक, मग मालाचं नाव. ग्रुपिंग मात्र प्रकाराच्या नावावरच. आता जून लागला की काकी सेटिंगमध्ये सुकीला १ देतात, ऑगस्टमध्ये ओलीला.