बर्फ ढकलायला एटीव्हीला किती अश्वशक्ती लागते?

घराच्या दारापासून रस्त्यापर्यंतच्या वाटेवर रात्रीत २० सेमी बर्फ पडला, की फावड्याने ती वाट मोकळी होईपर्यंत कमरेची वाट लागलेली असते. म्हणून बर्फाळ प्रदेशांत कामाची एटीव्ही आणि तिच्या पुढे लावलेले पोलादी पाते ही जोडी बऱ्याच घरांत दिसते. चार फुगीर टायर, मोटारसायकलसारखे हँडल, पुढे-मागे सामानाचे रॅक आणि वजन साधारण ३०० ते ३५० किलो, असे हे वाहन. शर्यतीसाठी बनवलेल्या, फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या एटीव्ही निराळ्या. या कामाला त्या निरुपयोगी.

विकत घ्यायला निघालेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला: किती सीसी? हिशेब मांडून पाहिला तर हा प्रश्न बराच खाली घसरतो.

बर्फ ढकलला जातो तो टायरच्या पकडीवर. दाबल्या गेलेल्या बर्फावर रबरी टायरचा घर्षणगुणांक ०.२ ते ०.३ असतो, काचेसारख्या गोठलेल्या थरावर ०.१ च्या आसपास. वाहन ३२० किलो, चालक ८० किलो, म्हणजे एकूण ४००. गुणांक ०.२५ धरला तर चारही चाके मिळून १०० किलो वजनाइतका, म्हणजे जवळपास १००० न्यूटन जोर लावू शकतात. त्यापुढे इंजिन कितीही गुरगुरले तरी चाके जागीच फिरतात. आता हा जोर ताशी ८ किमी, म्हणजे सेकंदाला २.२ मीटर वेगाने लावायचा तर लागणारी शक्ती २२०० वॅट: जेमतेम ३ अश्वशक्ती. पट्टा, गिअर आणि चाकांची घसरण यांत वाया जाणारे धरून दुप्पट करा, ६ झाली. ४०० सीसीचे साधे इंजिनही याच्या कितीतरी पट देते.

तरीही जाणकार ५०० ते ७०० सीसीची गाडी सुचवतात आणि ते चुकत नाहीत. मोठ्या इंजिनाची गाडी जड असते, तिची चौकट भक्कम असते, इंजिन थंड ठेवण्याची सोय चांगली असते. सीसीच्या नावाखाली आपण खरे तर किलो विकत घेत असतो. वाट छोटी आणि बर्फ हलका असेल तर ३०० सीसीचीही चालेल, फक्त १० सेमीहून जास्त साचायच्या आत बाहेर पडायला हवे.

पकडच सर्वकाही असल्याने चारही चाकांना ताकद मिळणे अनिवार्य आहे. फक्त मागची दोन चाके ओढत असतील तर त्यांच्यावर पडणारे वजनच कामी येते, म्हणजे वरचा १०० किलोचा जोर निम्म्यावर येतो. पुढचा डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच, लॉक होतो का, हेही विचारावे. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक गुळगुळीत बर्फावर गेले की ते भिरभिरते आणि पलीकडचे चाक, पकड असूनही, गप्प बसते. लॉक लावल्यावर हँडल जड होते, त्यात तिरपे पाते गाडीचे नाक सतत एका बाजूला ढकलत असते. तासभर काम करायचे असेल तर पॉवर स्टिअरिंग ही चैन राहत नाही.

पकड वाढवायचा सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे टायरच्या साखळ्या आणि मागच्या रॅकवर घट्ट बांधलेले ४०-५० किलोचे वाळूचे पोते. वजन रॅकच्या लिहून दिलेल्या मर्यादेत हवे. साखळ्या चारही चाकांना उत्तम, दोनच घ्यायच्या तर मागे. बसवल्यावर चाक हाताने पूर्ण फिरवून आणि हँडल दोन्ही टोकांना वळवून बघावे, कारण सैल साखळी ब्रेकची नळी किंवा चाकाच्या सांध्याचे रबरी आवरण कापू शकते. फरसबंदीवर मात्र साखळ्यांचे ओरखडे उठतात.

पात्याची रुंदी निवडताना लोक हमखास एक गोष्ट विसरतात. ६० इंची पाते ३० अंशांत तिरपे केले की ते ५२ इंचच वाट साफ करते. एटीव्हीची रुंदी साधारण ४८ इंच असते, म्हणजे ६० इंची पाते रुबाबासाठी नव्हे, गरजेपोटी घ्यायचे. त्याहून आखूड पाते तिरपे केले तर चाके न साफ केलेल्या बर्फावरून जातात. आणि पाते तिरपे तर ठेवावेच लागते. १.५ मीटर रुंद पाते सरळ ठेवून १५ सेमी थरातून १० मीटर गेलात तर समोर सव्वादोन घनमीटर बर्फ गोळा होतो. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला सुमारे ८० किलो भरतो, म्हणजे १८० किलो. तोच ओला, बसलेला ३०० किलोचा असेल तर पावणेसातशे. १०० किलोच्या जोरापुढे हा ढीग किती वेळ हलणार? तिरप्या पात्यावरून बर्फ सतत बाजूला गळत राहतो आणि ओझे साचत नाही.

पाते गाडीला दोन प्रकारे जोडतात. पोटाखाली मध्यावर जोडले तर धक्का थेट चौकटीत जातो, किंमतही कमी, पण पाते फार उंच उचलत नाही. नाकाशी जोडलेले पाते जास्त वर उठते, त्यामुळे ढिगावर ढीग रचता येतो. जिथे हिवाळाभर बर्फ वितळत नाही तिथे ही उंची फार मोलाची.

पात्यामागच्या स्प्रिंग दगडावर किंवा फरशीच्या उंचवट्यावर पात्याची खालची कड मागे वळू देतात. त्या अति घट्ट केल्या तर गाडी जागीच थबकते आणि चालकाची छाती हँडलवर आदळते. सैल ठेवल्या तर ओल्या बर्फातही पाते लोळण घेते. खडीच्या वाटेवर पात्याखालचे बूट, म्हणजे जमिनीवर घसरत जाणारे टेकू, खाली घेऊन कड जमिनीपासून दीड-दोन सेमी वर ठेवावी आणि मोसमातला पहिला बर्फ न काढता चाकांनी दाबून टाकावा. तो गोठला की खडी जागची हलत नाही. नाहीतर वसंतात अर्धी वाट हिरवळीत सापडते.

आता खरे दुखणे: पट्टा. बहुतेक एटीव्हींत इंजिनाची ताकद दोन शंकूसारख्या पुलींमधल्या रबरी पट्ट्याने चाकांकडे जाते. हाय गिअरमध्ये हळू वेगाने जड ढकलले की इंजिनाचे फेरे कमी राहतात, पुली पट्ट्याला घट्ट आवळत नाही, पट्टा घसरतो आणि तापतो. जळक्या रबराचा वास आला तर थोडे नुकसान झालेच समजा. निघताना गाडी धडधडत झटके देऊ लागली तर पट्ट्याची एक जागा झिजून सपाट झाली आहे. उपाय एकच आणि फुकटचा: पाते लावले की काम लो गिअरमध्येच. लो गिअर नसलेली गाडी या कामासाठी घेऊच नये. पट्ट्याच्या पेटीत वितळलेले पाणी शिरले तरी तो घसरतो. तेव्हा खालचे बूच काढून पाणी सोडावे आणि न्यूट्रलमध्ये इंजिनाचे फेरे थोडे वाढवून पट्टा वाळवावा. पट्ट्याऐवजी दातेरी गिअर असलेली मॉडेलेही मिळतात. पुढे-मागे करताना गाडी पूर्ण थांबवूनच गिअर बदलावा. अर्धे काम रिव्हर्समध्ये असते, घाईत दाते तुटतात.

दुसरा हमखास बळी विंच, म्हणजे पाते वर ओढणारी विजेवरची चरखी. पाते उचलताना तीच वीतभर तार शेकडो वेळा वाकते आणि पोलादी असेल तर तिचे धागे एकेक करून तुटतात. टोकाला कृत्रिम धाग्याचा आखूड दोर लावावा आणि तो दरवर्षी बदलावा. पाते वर टेकल्यावरही बटण दाबून ठेवले तर दोर तुटतो किंवा विंचचा रिले, म्हणजे विजेचा स्विच, जळतो. विजेचेही गणित बघा: एका उचलीला ४ सेकंद ६० अँपिअर धरले तर १०० उचलींत पावणेसात अँपिअर-तास जातात. एटीव्हीची बॅटरी जेमतेम १५-२० अँपिअर-तासांची, कडाक्याच्या थंडीत ती त्याहूनही कमी देते, आणि मंद फेऱ्यांवर जनरेटर पुरेसे भरत नाही. त्यात हँडलच्या विजेवर गरम होणाऱ्या मुठी आणि दिवे. म्हणून काम संपल्यावर रात्रभर चार्जर लावून ठेवावा.

थंडीत सुरू होण्याच्या बाबतीत इंधन इंजेक्शन कार्बोरेटरपेक्षा निर्विवाद सरस. रेडिएटरच्या जाळीवर बर्फ थापला गेला तर शून्याखालीही इंजिन तापते, म्हणून मधूनमधून तिकडे नजर टाकावी. बंद गॅरेजात इंजिन गरम करत ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बर्फ १०-१५ सेमी झाला की काढायला लागावे, पहिल्या खेपेपासूनच ढीग वाटेच्या कडेपासून लांब न्यावेत. आज कडेला ठेवलेला ढीग उद्या दगड होतो आणि वाट दर आठवड्याला अरुंद होत जाते. गोठलेल्या ढिगावर वेग घेऊन धडक मारणे हा पात्याची चौकट वाकवण्याचा सर्वात लोकप्रिय मार्ग आहे.

जुनी गाडी घेत असाल तर पुढची चाके उचलून हलवून पाहा: बेअरिंग आणि सांधे सैल असतील तर खडखड लगेच कळते. पुढच्या डिफरन्शियलचे तेल दुधट दिसले तर आत पाणी गेले आहे. पट्ट्याचे झाकण उघडून काळी भुकटी शोधा. आणि विकणारा म्हणाला, 'हिला पाते कधी लावलेच नाही,' तर टॉर्च घेऊन गाडीच्या पोटाखाली वाका. चौकटीच्या नळ्यांवर पाते बसवायच्या लोखंडी कंसाने रंग खरवडलेला असतो, तो फक्त टॉर्चच्या उजेडात दिसतो.