फायबरग्लासची धूळ : खाजेपासून संरक्षण

काचतंतू व रेझीन (कडक होणारे राळेसारखे द्रव्य) यांपासून बनलेला संमिश्र पदार्थ (फायबरग्लास) घासताना, कापताना किंवा ग्राइंडरने उतरवताना जी धूळ उडते, तिच्यामुळे त्वचेला खाज सुटते, डोळे चुरचुरतात व घसा खवखवतो. हा त्रास टाळण्याच्या कार्यपद्धतींचा विचार या नोंदीत केला आहे. होड्या, पाण्याच्या टाक्या, वाहनांचे सुटे भाग व पवनचक्क्यांची पाती यांच्या निर्मितीत आणि दुरुस्तीत हे काम टळत नाही.

काचतंतूंचे व्यापारी उत्पादन १९३० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाले. रेझीनयुक्त होड्या व कवचे ही त्यानंतरची, साधारणतः १९४० च्या दशकातील. त्वचेच्या त्रासाची दखलही लवकरच घेतली गेली. त्वचारोगतज्ज्ञ सल्झबर्गर व बेअर यांचा प्राण्यांच्या व माणसांच्या त्वचेवरील परिणामांविषयीचा लेख १९४२ चा आहे. कारखान्यातील कामगारांची तक्रार त्याहून जुनी असावी.

खाजेच्या कारणाबद्दल दोन मते आढळतात. एका मतानुसार ती निव्वळ यांत्रिक आहे : तंतूंचे तुकडे त्वचेच्या वरच्या थरात कुसळासारखे रुततात. दुसरे मत रेझीन, हार्डनर (रेझीन कडक करणारे द्रव्य) व तंतूंवरील लेपद्रव्यांकडे बोट दाखवते. पहिल्या मताच्या बाजूने तंतूच्या जाडीचा पुरावा आहे. सुमारे ४.५ ते ५ मायक्रोमीटरपेक्षा जाड तंतू खाज आणतात, त्याहून बारीक तंतू सहसा आणत नाहीत. रसायन हेच मुख्य कारण असते, तर जाडीने एवढा फरक पडला नसता. संमिश्रांत वापरले जाणारे अखंड तंतू साधारणपणे ९ ते २५ मायक्रोमीटर जाडीचे, म्हणजे खाज आणणाऱ्या गटातच मोडणारे असतात. चिकटपट्टी त्वचेवर दाबून उचलली व सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर रुतलेले तुकडे प्रत्यक्ष दिसू शकतात.

तरीही दुसरे मत पूर्णपणे सोडून देता येत नाही. पूर्ण न कडकलेल्या इपॉक्सीच्या (रेझीनचा एक प्रकार) धुळीत हार्डनरमधील अमाइने ही रसायने शिल्लक असू शकतात व त्यांची खरी अ‍ॅलर्जी होते. यांत्रिक खाज काम चालू असताना किंवा त्याच दिवशी सुटते व तंतू निघून गेले की शमते. अ‍ॅलर्जीचा पुरळ बहुधा एक-दोन दिवसांनी उठतो, पापण्यांसारख्या नाजूक जागी पसरतो आणि पुढच्या प्रत्येक संपर्कात बळावतो. असा पुरळ ‘धुळीची खाज’ म्हणून अंगावर काढणे चुकीचे ठरते. रोज काम करणाऱ्या अनेकांची खाज काही आठवड्यांत कमी होते, याला त्वचा सरावणे असे म्हणतात. मात्र ज्यांना सहन होत नाही ते काम सोडून जातात व न खाजणारेच मागे उरतात, असाही या निरीक्षणाचा अर्थ लावता येतो. त्यामुळे सरावावर विसंबून संरक्षण सैल करणे योग्य वाटत नाही.

फुप्फुसांचा प्रश्न वेगळा आहे व खाजेवरून त्याचा अंदाज बांधता येत नाही. जे तंतू टोचतात ते फुप्फुसात खोलवर जाण्यास बहुधा फार जाड असतात. श्वसनयोग्य तंतू मोजण्याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात व्यास ३ मायक्रोमीटरपेक्षा कमी व लांबी ५ मायक्रोमीटरपेक्षा जास्त धरली जाते. काचतंतू आडवा तुटतो, अ‍ॅस्बेस्टॉससारखा उभा चिरत नाही, म्हणून घासल्याने त्याची जाडी सहसा घटत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये काचलोकर (ग्लास वूल) ‘२ ब’ गटात (मानवात संभवतः कर्कजनक) ठेवली होती. २००१ च्या फेरविचारात उष्णतारोधक काचलोकर गट ३ मध्ये आली. अखंड तंतू मात्र दोन्ही वेळा गट ३ मध्येच होते. गट ३ म्हणजे ‘पुराव्याअभावी वर्गीकरण शक्य नाही’, ‘निर्धोक’ नव्हे. घासताना तंतूंबरोबर रेझीनचा बारीक चुराही उडतो आणि तो नाकातोंडात जाऊ नये हे ओघानेच आले.

धूळ अंगावर येऊ न देण्यापेक्षा ती उडूच न देणे अधिक परिणामकारक असते. वॉटर पेपरने (पाणी लावून वापरायच्या घासकागदाने) ओले घासकाम केल्यास चुरा पाण्यात धरला जातो. ते हाताने किंवा हवेवर चालणाऱ्या यंत्राने करावे, साध्या विजेच्या सँडरने (घासयंत्राने) नव्हे. कोरडेच घासायचे असेल, तर धूळ ओढून घेणारी नळी जोडलेला सँडर वापरतात. कडा पुरत्या कडक होण्याआधी सुरीने कापून घेतल्या की पुढचे घासकाम बरेच वाचते. त्या अवस्थेत रेझीन कच्चे असल्याने हातमोजे आवश्यक.

कपडे लांब बाह्यांचे व सैल असावेत. घट्ट कपडा तंतू त्वचेवर रगडतो आणि खाज बहुधा कॉलर, मनगट व कमरपट्टा यांच्याच जागी अधिक असते. हातमोजे व बाही यांचा सांधा चिकटपट्टीने बंद करतात. डोळ्यांना सर्व बाजूंनी बंद चष्मा आणि नाकातोंडाला किमान एन९५ किंवा एफएफपी२ दर्जाचा मास्क लागतो. हा मास्क धूळ अडवतो, स्टायरिनची (पॉलिएस्टर रेझीनमधील द्रावकाची) वाफ नव्हे. तिच्यासाठी मुखवट्याला वाफ शोषणारे वेगळे काडतूस (कार्ट्रिज) बसवावे लागते.

कामाआधी अंगाला पावडर किंवा क्रीम चोळण्याचा प्रघात कारागिरांत आढळतो. पावडरीने रोमछिद्रे बुजतात, हे स्पष्टीकरण पटण्याजोगे नाही. चिकट क्रीमवर तर धूळ उलट जास्त बसते. कामानंतर अंग गार पाण्याने धुवावे की गरम, या जुन्या वादातही छिद्रे ‘उघडण्या-मिटण्या’ची कल्पना शरीररचनेला धरून नाही. न चोळता भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ देणे, हे महत्त्वाचे. कॉम्प्रेसरच्या हवेने अंग झटकू नये. त्याने धूळ पुन्हा हवेत उडते आणि तंतू अधिक रुतण्याचा धोका असतो. त्याऐवजी कपडे व्हॅक्यूमने साफ करतात. कामाचे कपडे वेगळे धुवावेत व नंतर धुलाई यंत्र रिकामे फिरवून खळबळावे, कारण एकत्र धुतलेल्या कपड्यांतून घरातील इतरांना पुरळ आल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत.