ट्रेलर-अटकळ

ट्रेलर-अटकळ : प्रकाशित न झालेल्या व्हिडिओ गेमच्या त्रोटक, गूढ ट्रेलरमधील दृश्ये, आवाज, अक्षरे आणि खाणाखुणा यांवरून त्या गेमची कथा, पात्रे, भूगोल, खेळण्याची पद्धत किंवा प्रकाशनाची तारीख ताडून पाहण्याचा खेळाडूंचा उद्योग. मराठी बोलणारे खेळाडू अशा अंदाजाला ‘थिअरी’ म्हणतात आणि ‘थिअरी टाकणे’, ‘फ्रेम पकडणे’, ‘ब्रेकडाउन करणे’ असे बोलतात. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण इथे सहज आठवते, पण ती पुरी लागू पडत नाही. शीत हाती येते तेव्हा भात शिजलेला असतो. गेमचा पहिला ट्रेलर येतो तेव्हा भात अनेकदा चुलीवर चढलेलाही नसतो.

या उद्योगाचे वेगळेपण त्यातच आहे. चित्रपटाचा ट्रेलर बहुधा चित्रण झाल्यावर, हाती असलेल्या दृश्यांतून कापला जातो. गेमची घोषणा अनेकदा प्रकाशनाच्या दोन-चार, कधी सहा वर्षे आधी होते. दाखवण्याजोगा खेळ तयार नसल्याने ट्रेलरपुरती स्वतंत्र दृश्ये रचली जातात आणि ती गेममध्ये येतीलच असे नसते. ‘किलझोन २’ची ई-थ्री या अमेरिकेतल्या गेम-प्रदर्शनातली २००५ची चित्रफीत प्रत्यक्ष खेळ म्हणून पाहिली गेली, पण तो निर्मात्यांनी समोर ठेवलेल्या उद्दिष्टाचा देखावा होता. गेम आला २००९ मध्ये. म्हणजे अटकळ बांधणारा जे वाचतो ते कधी गेमचे वर्णन असते, तर कधी निर्मात्याच्या मनातला संकल्प, आणि या दोहोंत फरक करता येणे हे या विद्येतले पहिले कौशल्य.

वाचनाची पद्धत : सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर दीड मिनिटाच्या ट्रेलरमध्ये २,७०० चित्रे असतात. यूट्यूबवर चित्रफीत थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविराम यांच्या कळा दाबल्या की एकेक फ्रेम मागेपुढे सरकते. बरीचशी थिअरी या दोन कळांवर उभी आहे. दुकानाची पाटी, गाडीची नंबरप्लेट, मनगटावरचा गोंदलेला शब्द, खिडकीत पडलेले प्रतिबिंब, सावलीची दिशा असे सगळे टिपले जाते. आवाज उलटा वाजवून पाहतात. ट्रेलरबाहेरचा पुरावाही जमा होतो: ट्रेडमार्कच्या नोंदी, वयोगट ठरवणाऱ्या मंडळांच्या याद्या, स्टुडिओच्या नोकरीच्या जाहिराती. फसगतीची जागा मात्र फारच साधी आहे. चित्रफीत दाबून लहान करताना अंधाऱ्या भागात चौकोनी ठोकळे उमटतात आणि त्या ठोकळ्यांत चेहरे दिसू लागतात. म्हणून जाणकार आधी सर्वांत स्वच्छ प्रत मिळवतो आणि मगच बोलतो.

कोजिमा आणि कोड्याचा ट्रेलर : ट्रेलर हेच एक कोडे करून टाकण्याचे श्रेय जपानी निर्माते हिदेओ कोजिमा यांच्याकडे जाते. डिसेंबर २०१२ मध्ये एका पुरस्कार सोहळ्यात ‘द फँटम पेन’ या गेमचा ट्रेलर दाखवला गेला. स्टुडिओचे नाव मोबी डिक, प्रमुखाचे नाव जोआकिम मोग्रेन. दोन्ही नावे कोणी ऐकलेली नव्हती. प्रेक्षकांनी जोआकिमची रोमन अक्षरे फिरवून पाहिली, तर कोजिमा हे नाव तयार झाले. मग शीर्षकाकडे लक्ष गेले. अक्षरांच्या वर-खाली पुसट खुणा होत्या आणि त्या मोकळ्या जागेत ‘मेटल गिअर सॉलिड ५’ हे कोजिमांच्याच गाजलेल्या मालिकेतले नाव नेमके बसत होते. मार्च २०१३ मध्ये कोजिमांनी ते मान्य केले.

पुढचे पाऊल १२ ऑगस्ट २०१४ला पडले. प्लेस्टेशन ४वर ‘पी. टी.’ नावाचा एक छोटा, मोफत भयखेळ आला. निर्माता म्हणून ७७८०एस स्टुडिओ असे नाव होते. एकाच बोळातून पुन्हा पुन्हा चालायचे, शेवटचे कोडे सोडवायचे आणि ते सुटले की खरी घोषणा उघडायची. कोडे सुटायला निदान आठवडा लागेल असा कोजिमांचा अंदाज होता, ते काही तासांत सुटले. पडद्यावर ‘सायलेंट हिल्स’ हे येऊ घातलेल्या भयखेळाचे नाव आले, सोबत दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो आणि अभिनेता नॉर्मन रीडस. स्टुडिओच्या नावातला आकडाही मग उलगडला. जपानच्या शिझुओका प्रांताचे क्षेत्रफळ सुमारे ७,७८० चौ. किमी. आहे आणि त्या नावातल्या अक्षरांचा अर्थ ‘शांत टेकडी’ असा होतो. वेताळ टेकडी आणि हनुमान टेकडी रोजच्या बोलण्यात असलेल्या पुणेकराला ही उकल एकदा सांगितली की पुन्हा सांगावी लागत नाही. एप्रिल २०१५ मध्ये तो गेम रद्द झाला आणि ‘पी. टी.’ दुकानातून काढून घेण्यात आला. कोड्याचे उत्तर बरोबर आले, पण उत्तरात मिळालेली वस्तू कधी बनलीच नाही. या इतिहासातली ही सर्वांत दुखरी जागा आहे.

अभ्यासासाठी सर्वांत उपयोगी उदाहरण ‘डेथ स्ट्रँडिंग’चे. जून २०१६ मधल्या पहिल्या ट्रेलरमध्ये रीडस विवस्त्र अवस्थेत समुद्रकिनाऱ्यावर पडलेला दिसतो. भोवती मेलेले मासे आणि खेकडे, मिठीत अर्भक, वाळूत कोणाचेच नसलेले हातांचे काळे ठसे आणि आकाशात तरंगणाऱ्या पाच आकृती. गळ्यातल्या पट्ट्यांवर समीकरणे कोरलेली होती. भौतिकशास्त्र शिकलेल्यांनी त्यात कृष्णविवराचा आकार सांगणारी श्वार्झशिल्ड त्रिज्या आणि सूक्ष्म कणांचे वर्णन करणारे डिरॅकचे समीकरण ओळखले. तिथून कृष्णविवरे, काळाचे वाकणे, मृत्यूनंतरचे जग अशी थिअऱ्यांची रांग लागली. रीडस दिसतो म्हणजे रद्द झालेला भयखेळच नाव बदलून परत येतोय, असेही अनेकांना वाटले. ८ नोव्हेंबर २०१९ला गेम आला तेव्हा हातांचे ठसे खरोखर मृतांच्या बाजूने आलेल्या अदृश्य जिवांचे निघाले. पण गेमचे मुख्य काम होते पाठीवर सामान लादून, तोल सांभाळत, डोंगर-ओढे ओलांडून ते पोचवणे आणि तुटलेली शहरे पुन्हा जोडणे. २०१८च्या ट्रेलरमध्ये पाठीवरचे ते ओझे स्वच्छ दिसत होते. प्रेक्षक मात्र कोपऱ्यातल्या खुणा शोधत राहिले, कारण मधोमध दिसणारे ओझे त्यांना फार साधे वाटले.

मौनाचा काळ : ट्रेलर एक आणि त्यानंतर काहीच नाही, अशा वेळी अटकळीचे रूप बदलते. ‘एल्डन रिंग’ जून २०१९ मध्ये जाहीर झाला आणि पुढचा ट्रेलर यायला जून २०२१ उजाडले. मधल्या दोन वर्षांत चाहत्यांनी न पाहिलेल्या गेमसाठी स्वतःच राक्षस, राजे आणि त्यांच्या लढायांचे इतिहास रचले. त्या कोरड्या काळाला लोककथेचा वास आहे. ‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ची वाट याहून लांबली: घोषणा फेब्रुवारी २०१९, प्रकाशन ४ सप्टेंबर २०२५. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’चा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला आणि दुसरा ६ मे २०२५ला, कोणतीही पूर्वसूचना न देता. मधल्या १७ महिन्यांत कंपनीने टाकलेल्या चित्रांतल्या चंद्राच्या कलांवरून दुसऱ्या ट्रेलरची तारीख काढणारी ‘चंद्राची थिअरी’ गाजली. नोव्हेंबर २०२४ मधली तिची तिथी कोरडी गेली. तिथीवरून दिवस मोजणाऱ्या समाजात ही थिअरी पटकन पटली, यात नवल नाही.

पुण्यात : लॉस एंजेलिसची संध्याकाळ ही पुण्याची दुसऱ्या दिवसाची सकाळ. डिसेंबरात तिकडे होणारा गेम अवॉर्ड्सचा सोहळा इथे पहाटेच्या थंडीत, दूधवाल्याच्या वेळेला सुरू होतो. वसतिगृहाच्या खोलीत एका लॅपटॉपभोवती पाच-सहा जण पांघरुणे घेऊन बसतात. ट्रेलर संपताच ‘थांब, पॉज कर… अजून मागे घे… हां, ती पाटी वाच’ सुरू होते. साडेआठपर्यंत तो वाद अमृततुल्यच्या बाकावर पोचलेला असतो आणि कॉलेजच्या कट्ट्यावर संध्याकाळपर्यंत टिकतो. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’चा पहिला ट्रेलर ५ डिसेंबर २०२३च्या संध्याकाळी साडेसातला येणार होता. तो पहाटेच फुटला आणि कंपनीने लागलीच अधिकृत प्रत प्रसिद्ध केली. त्या सकाळी फोनच्या थरथरीने जागे झालेल्यांची एक पिढी आहे. याच मालिकेतली २००२ मधली ‘व्हाइस सिटी’ या पिढीने सायबर कॅफेत तासावर पैसे भरून खेळलेली. तोच समुद्रकिनारा, तेच निऑनचे दिवे नव्या ट्रेलरमध्ये दिसले, तेव्हा फ्रेम मोजण्याआधी अनेकांना आपली शाळा आठवली. आठवणीचा हा पदर धरला नाही तर पुण्यातली अटकळ कळणार नाही.

या शहरात गेम पाहणारे आणि बनवणारे दोघेही राहतात, त्यामुळे ट्रेलरची दुसरी बाजूही जवळून दिसते. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या स्टुडिओचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ ऑगस्ट २०२०मध्ये आला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळाले. पहाटे पाहायच्या सोहळ्यात आपल्या गावचे नाव ऐकायला मिळाले, हा आनंद मोठा होता. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस बॅटल रोयाल’ २०२२ मध्ये दिसू लागला आणि १६ ऑक्टोबर २०२४ला आला. भारतीय घडणीचे पण परग्रहावरचे जग त्यात दिसत असल्याने, कोणती मूर्ती कुठल्या पुराणातून आली यावर इथल्या खेळाडूंना परदेशी अर्थ लावणाऱ्यांचे तोंड पाहावे लागले नाही.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’च्या नव्या आवृत्तीची गोष्ट हळवी आहे. यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे तिचे काम होते आणि १० सप्टेंबर २०२० रोजी तिचा ट्रेलर आला. तो गूढ नव्हता, तरी त्याचे फ्रेम-फ्रेम वाचन झाले आणि चेहरे, प्रकाश, पोत यांवर जगभरातून टीका झाली. तारीख जानेवारी २०२१ वरून मार्चवर आणि मग अनिश्चित काळासाठी गेली. मे २०२२ मध्ये काम कंपनीच्या माँट्रियल स्टुडिओकडे सोपवण्यात आले आणि २०२६ मध्ये प्रकल्पच रद्द झाला. थांबवलेल्या एका फ्रेममधला कच्चा चेहरा कोणाच्या तरी महिन्यांच्या मेहनतीचा अर्धवट टप्पा असतो, हे अटकळ बांधणाऱ्याने लक्षात ठेवायला हवे. स्टुडिओत काम करणारे गोपनीयतेच्या कराराने बांधलेले असतात. चहाच्या टेबलावर सर्वांत गप्प बसलेल्या मित्राला खोदून विचारू नये, असा एक न लिहिलेला संकेत इथे पाळला जातो आणि तो चांगला आहे.

पाठचिकित्सेशी नाते : तुटक पुराव्यावरून मूळ वस्तू उभी करण्याची शिस्त पुण्याला नवी नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि १,२५९ हस्तलिखिते पडताळून १९६६ मध्ये १९ खंडांत पुरी केली. सर्वांना प्रिय असलेला, गणपती व्यासांचा लेखनिक होतो तो प्रसंग हस्तलिखितांचा पुरेसा आधार नाही म्हणून मूळ संहितेतून काढून परिशिष्टात ठेवला गेला. प्रस्तुत नोंदकाराच्या मते ट्रेलर वाचणाऱ्यानेही आपली लाडकी कल्पना अशीच, पुराव्याअभावी, बाजूला ठेवायला शिकावे आणि ती टाकून मात्र देऊ नये. ‘दिसते’, ‘जुळते’ आणि ‘वाटते’ असे तीन रकाने पाडले तरी पुष्कळ साधते. ‘डेथ स्ट्रँडिंग’मध्ये हातांचे ठसे आणि पाठीवरचे ओझे पहिल्या रकान्यातले, समीकरणे आणि कृष्णविवर दुसऱ्यातले, तर रद्द झालेला भयखेळ परत येतोय ही आशा तिसऱ्यातली.

अतिरेक : रकाने मिसळले की माणसांना त्रास होतो. २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या एका लहानशा स्टुडिओने ‘अबँडन्ड’ नावाचा गेम जाहीर केला. त्याच्या विकसकाची आद्याक्षरे कोजिमांच्या आद्याक्षरांशी जुळतात अशा खुणांवरून, हे कोजिमांचेच नवे सोंग आहे असा बादरायण संबंध जोडला गेला. त्या विकसकाला स्वतःची चित्रफीत काढून, मी कोजिमा नाही, असे सांगावे लागले. तरी लोक मानेनात. मग आलेल्या अॅपमध्ये काही सेकंदांचीच झलक निघाली आणि रागाचा सगळा भार त्याच्यावर पडला. निर्मात्याने आधी सोडलेल्या सूचक खुणांनी या आगीत तेल ओतले, हेही खरे. पण जुळणारी अक्षरे म्हणजे पुरावा, ही सवय प्रेक्षकांना ‘द फँटम पेन’ने लावलेली होती.

फुटलेली सामग्री ही वेगळी बाब आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’च्या विकासातल्या सुमारे ९० चित्रफिती चोरून बाहेर टाकल्या गेल्या. त्यांतून तर्क करायला काही उरत नाही. पेपर फुटला की परीक्षा उरत नाही, तसेच. तरी चाहत्यांनी त्या चित्रफितींतले जागा दाखवणारे आकडे आणि नंतरच्या ट्रेलरमधले रस्ते, पूल, इमारती एकमेकांवर ठेवून लिओनिडा या काल्पनिक राज्याचा नकाशा आखायला घेतला. कंपनीने प्रकाशनाची तारीख १९ नोव्हेंबर २०२६ अशी दिली आहे. तोवर प्रत्येक नव्या चित्रातला पूल या नकाशावर कुठे बसतो ते पाहिले जाईल आणि चुकलेल्या रेघा पुसून पुन्हा काढल्या जातील.