ए-ऑडिओ फोनचा, ओबो तुमच्या अ‍ॅपचा

तबल्याच्या सरावासाठी मी हौसेनं एक छोटं अँड्रॉइड अ‍ॅप करत होतो. पडद्यावर बोट टेकलं की 'धा' वाजायला हवा. वाजायचा, पण बोट उचलून झाल्यावर. तालाच्या अ‍ॅपमध्ये असा उशिराचा 'धा' असण्यापेक्षा नसलेला बरा. चारचौघांना विचारलं. आवाज झटपट वाजवण्याची साधनं सुचवली गेली: एक म्हणाला, ए-ऑडिओ (AAudio) वापर. दुसरा म्हणाला, ओबो (Oboe) घे. तिसऱ्यानं सांगितलं, दोन्ही एकच. तिसऱ्याचं ऐकून थेट ए-ऑडिओ घेतला आणि दोन रविवार फुकट गेले.

गोंधळ होतो यात नवल नाही. दोन्ही गूगलची, आणि वापरायची रीतही सारखीच: 'बिल्डर'कडून स्ट्रीम, म्हणजे आवाजाची वाट, उघडायची आणि कॉलबॅकमधून (सिस्टीम स्वतः पुन्हा पुन्हा बोलावते त्या आपल्या फंक्शनमधून) आवाजाचे नमुने, म्हणजे आकडे, पुरवत राहायचं. फरक आहे तो राहण्याच्या जागेचा. ए-ऑडिओ फोनमध्ये राहतो. 2017 साली अँड्रॉइड 8.0 बरोबर आलेला, सी भाषेतला, सिस्टीमचाच भाग. ओबो ही सी++ लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. तिची 1.0 आवृत्ती ऑक्टोबर 2018 मध्ये आली, आणि ती तुमच्या अ‍ॅपच्या पोटात बसून वापरणाऱ्याच्या फोनवर जाते.

(नावाबद्दल थोडं: ओबो हे सनईसारखंच दुहेरी पत्तीचं वाद्य. पाश्चात्त्य वाद्यवृंद कार्यक्रमाआधी त्याच्याच 'ए' स्वरावर वाद्यं जुळवतो.)

ओबो स्पीकरपर्यंत स्वतः पोहोचत नाही. अँड्रॉइड 8.1 आणि त्यापुढे तो ए-ऑडिओलाच काम सांगतो. त्याआधीच्या फोनवर ओपनएसएल ईएस या जुन्या इंटरफेसला. 8.0 वर ए-ऑडिओ असूनही ओबो त्याच्या वाटेला जात नाही, कारण त्या पहिल्या आवृत्तीत दोष राहिले होते. म्हणजे 'ओबो ए-ऑडिओपेक्षा वेगवान' हे म्हणणं निरर्थक आहे. नव्या फोनवर धावतो शेवटी ए-ऑडिओच.

मग मध्ये हा दलाल कशाला? एखाद्या मॉडेलवर ए-ऑडिओ चुकीचं वागला, तर दुरुस्ती फोनच्या अपडेटमधून यायची, आणि जुन्या फोनला अपडेट येतं कुठे? ओबोमध्ये अशा मॉडेलांसाठीच्या पळवाटा लिहून ठेवलेल्या असतात. आपण ग्रेडलमधला (बांधणीच्या साधनातला) ओबोच्या आवृत्तीचा आकडा बदलायचा आणि अ‍ॅप नव्यानं बांधायचं.

माझे रविवार खाल्ले ते हेडफोननं. गाणं चालू असताना पिन उपसली की स्ट्रीम तुटते. ए-ऑडिओ तुम्हाला चूक झाल्याचं कळवणारा 'एरर' कॉलबॅक देतो, पण त्याच कॉलबॅकमध्ये स्ट्रीम बंद करायची नाही. दुसरा थ्रेड (कामाचा समांतर धागा) काढा, तिथे बंद करा, मग नवी उघडा. मी तिथेच बंद करत होतो आणि अ‍ॅप गारठत होतं. ओबो हे दुसऱ्या थ्रेडवर स्वतः उरकतो आणि स्ट्रीम बंद झाल्यावर तुम्हाला हाक मारतो. तेव्हा नवी उघडली की झालं. सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने) जुळत नसेल, तर तोही बदलून देऊ शकतो.

पण ओबो जोडला म्हणजे उशीर आपोआप गेला, असं नाही. काही सांगितलं नाही तर तो साध्या मोडमध्येच स्ट्रीम उघडतो. 'लो लेटन्सी' (कमी उशीर) आणि 'एक्सक्लुझिव्ह' (फक्त आपल्यासाठीची वाट) आपणच मागायचं. एक्सक्लुझिव्ह मिळेलच याची हमी नाही. मिळाली नाही तर शेअर्ड, म्हणजे इतरांसोबत वाटून घेतलेली, पदरात पडते. बफरचाही, म्हणजे वाजण्याआधी साठवून ठेवलेल्या आवाजाचा, हिशोब आहे: फोन 48000 हर्ट्‌झवर 192 फ्रेमचा एक हप्ता घेत असेल, तर तो 4 मिलिसेकंदांचा झाला. असे दोन हप्ते बफरमध्ये ठेवले तर 8. त्याहून कमी केलं की आवाज तडतडू शकतो. आणि कॉलबॅकमध्ये फाइल वाचणं, मेमरी मागणं, लॉक लावणं दोन्हीकडे सारखंच वर्ज्य.

दोघांकडून आयफोनवर चालण्याची अपेक्षा ठेवू नका. निव्वळ सी मध्ये लिहिणार असाल आणि जुने फोन सोडून द्यायची तयारी असेल, तर थेट ए-ऑडिओ चालेल. बाकी सगळ्यांनी ओबो घ्यावा, असं माझं मत.

आता 'धा' बोटाखालीच वाजतो. ब्लूटूथवर मात्र अजून मागे राहतो, तिथे दोघांचंही काही चालत नाही. म्हणून अ‍ॅप उघडताच मी एक ओळ दाखवतो: वायरचा हेडफोन लावा.