फोन कामगाराचा, ड्रॉइंग कंपनीचं

कुपवाड एमआयडीसीतल्या मशीन शॉपमधल्या क्वालिटी इन्स्पेक्टरचा फोन बघा. गॅलरीत मुलांच्या फोटोंना लागूनच पार्टीचं, म्हणजे काम देणाऱ्या ग्राहक कंपनीचं, पार्टचं ड्रॉइंग, व्हर्नियर या मोजपट्टीवर घेतलेल्या मापाचा फोटो, व्हॉट्सॲपवर आलेलं कोटेशन. सांगली बसस्थानकाच्या गर्दीत हा फोन गेला, तर हळहळ होते ती हँडसेटच्या किमतीची. आत काय काय होतं, ते नंतर आठवायला लागतं.

सुरुवातीला हा गुंता नव्हता. 2000 नंतर कामाचे ईमेल खिशात आले ते ब्लॅकबेरी फोनवर. फोन कंपनीचा, सर्व्हरही कंपनीचा. हरवला की आयटी विभाग बसल्या जागेवरून तो पुसून टाकायचा. 2005 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज मोबाइलला ही सोय दिली. 2007 चा पहिला आयफोन तिच्याविनाच आला; त्याला ती 2008 मध्ये मिळाली, अँड्रॉइडला 2010 मध्ये.

तोवर माणसं स्वतःचेच फोन कामाला वापरू लागली होती आणि तिथंच घोडं अडलं. कंपनीने फोन पुसला तर कामगाराचे घरचे फोटोही जाणार. मग कोण कशाला परवानगी देईल? 2014 च्या अँड्रॉइड 5 मध्ये वर्क प्रोफाइलचा पाया घातला गेला. एकाच फोनमध्ये कामाचा कप्पा वेगळा, आणि कंपनीला पुसता येतो तेवढाच. आपल्याकडच्या छोट्या कारखान्यांना सगळ्यात जास्त उपयोगाची सोय हीच आहे, असं मला ठामपणे वाटतं.

पण पुसण्याचा आदेश फोन इंटरनेटवर आला तरच पोचतो, आणि चोर आधी सिम काढून फेकतो. म्हणून खरी भिस्त एन्क्रिप्शनवर, म्हणजे लॉक उघडल्याशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात माहिती साठवण्यावर. 2015 च्या अँड्रॉइड 6 ने ते बहुतेक नव्या फोनना सक्तीचं केलं. कमी ताकदीच्या स्वस्त फोनना मात्र 2019 च्या अँड्रॉइड 10 पर्यंत सूट होती. कारखान्यातल्या पोरांच्या हातात असतात ते हेच फोन. शिवाय स्क्रीन लॉक 1234 असेल, तर एन्क्रिप्शन असून नसल्यासारखं.

हरवलेले-चोरीचे फोन ब्लॉक करणारी सरकारची सीईआयआर यंत्रणा सप्टेंबर 2019 मध्ये महाराष्ट्रात प्रायोगिक तत्त्वावर आली आणि मे 2023 मध्ये संचार साथी पोर्टलवरून देशभर खुली झाली. पोलिसांत तक्रार द्यायची, त्याच नंबरचं नवीन सिम घ्यायचं आणि आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा ओळख नंबर, टाकून फोन ब्लॉक करायचा. इथं मोठा गैरसमज होतो. ब्लॉक केल्यावर हँडसेट मोबाइल नेटवर्कवर चालत नाही, एवढंच; आतलं ड्रॉइंग जसंच्या तसं राहतं.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कामगारांच्या आधार कार्डांचे फोटो त्या कायद्यात बसतात. ड्रॉइंग बसत नाही. त्याची जबाबदारी पार्टीबरोबर केलेल्या गोपनीयतेच्या करारावरून ठरते, आणि त्या करारावर सही मालकाची असते.