अंगण खरोखरच वाकडं असेल तर?

मार्च २०२५. फॉर्म्युला वनच्या नव्या हंगामाच्या जेमतेम दोन शर्यती झाल्या होत्या, मेलबर्न आणि शांघाय. तेवढ्यात रेड बुल संघाने आपला नवा चालक लियाम लॉसन याला धाकट्या संघात, म्हणजे रेसिंग बुल्समध्ये, परत धाडलं आणि तिथल्या युकी त्सुनोदाला वर आणलं. शर्यतीत कोण कितव्या जागेवरून सुटणार हे पात्रता फेरीत ठरतं. मेलबर्नच्या पात्रता फेरीत लॉसन अठरावा होता. शांघायला स्प्रिंट (मुख्य शर्यतीआधीची छोटी शर्यत) आणि मुख्य शर्यत या दोन्हींच्या पात्रता फेऱ्यांत तो विसावा, म्हणजे शेवटचा. तशीच गाडी चालवणारा संघातला दुसरा चालक मॅक्स व्हर्स्टापेन दोन्ही ठिकाणी पहिल्या चारांत होता.

लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, नाचता येईना अंगण वाकडं. गाडीला कसला दोष देता? दुसऱ्याचं म्हणणं, दोन शर्यतींत कुणाची पारख होते का? मला या वादात रस वाटतो तो निराळ्या कारणासाठी. या खेळात अंगण एकाला सपाट आणि दुसऱ्याला वाकडं असू शकतं, आणि ते किती वाकडं आहे हे बऱ्यापैकी मोजताही येतं.

आधी दोन शर्यतींचा मुद्दा घेऊ. पात्रता फेरीतल्या वेळेवर चालकाच्या कौशल्याखेरीज शंभर गोष्टींचा परिणाम होतो: वाऱ्याची झुळूक, ट्रॅकवरची गर्दी, टायरचं तापमान, नेमक्या वेळी फडकलेला धोक्याच्या इशाऱ्याचा पिवळा झेंडा. समजा, या कारणांनी दोन सहकाऱ्यांमधलं अंतर दर शर्यतीत सरासरीच्या आसपास ०.३ सेकंदाने खालीवर होतं. मग दोन शर्यतींच्या सरासरीत सुमारे ०.२ सेकंदाची अनिश्चितता उरते. ती ०.१ वर आणायला नऊ शर्यती लागतात, कारण अनिश्चितता शर्यतींच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच घटते. संयम चौपट ठेवला की खात्री फक्त दुप्पट होते.

‘कोण किती वेळा पुढे’ हा चाहत्यांचा लाडका तक्ता तर याहून फसवा. अगदी तुल्यबळ दोन चालक घ्या आणि २४ शर्यतींच्या हंगामात दर वेळी नाणं उडवून कोण पुढे ते ठरवा. तरीही निकाल १६–८ किंवा त्याहून एकतर्फी लागण्याची शक्यता सुमारे १५ टक्के असते. फॉर्म्युला वनमध्ये दहा-अकरा संघ आहेत. म्हणजे सगळ्या जोड्या तुल्यबळ असल्या तरी बहुतेक वर्षी एखाद्या जोडीत कुणीतरी ‘सपशेल हरलेला’ दिसणार, आणि त्याच्या हकालपट्टीच्या चर्चाही रंगणार.

लॉसनच्या बाबतीत निव्वळ नशीबच आडवं आलं असंही नाही. मेलबर्नला इंजिनाच्या बिघाडामुळे त्याचं तिसरं सराव सत्र बुडालं. शांघायला स्प्रिंटमुळे सरावाला तासाभराचं एकच सत्र होतं. या दोन्ही ट्रॅकवर तो फॉर्म्युला वनची गाडी घेऊन याआधी कधी उतरला नव्हता. हंगामापूर्वीची चाचणी बहरीनमध्ये तीनच दिवस होती आणि ती दोघा चालकांत वाटून घ्यायची, म्हणजे एकाच्या वाट्याला दीड दिवस. इतक्या कमी सरावावर इतकी महागडी नोकरी टिकवायची असा दुसरा खेळ मला तरी आठवत नाही.

आता गाडीकडे वळू. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाचे अँड्र्यू बेल आणि त्यांचे सहकारी यांनी १९५० ते २०१४ पर्यंतच्या निकालांचं सांख्यिकी प्रारूप २०१६ मध्ये प्रसिद्ध केलं. निकालातला संघाचा वाटा आणि चालकाचा वाटा वेगळा काढायचा, हा त्यामागचा हेतू. संघाचा वाटा बराच मोठा निघाला आणि काळाबरोबर तो वाढतही गेलेला दिसला. पावसात आणि शहरी रस्त्यांवरच्या शर्यतींत मात्र तो कमी होत असावा, असंही दिसलं. (सार्वकालिक सर्वोत्तम चालक म्हणून हुआन मॅन्युएल फान्जिओचं नाव वर आलं.) प्रारूप बाजूला ठेवायचं तर जेन्सन बटनकडे पाहावं. २००८ मध्ये होंडाच्या गाडीत त्याला अख्ख्या हंगामात ३ गुण मिळाले. होंडाने खेळ सोडला, संघ ब्रॉन या नावाने उभा राहिला आणि २००९ मध्ये बटनने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या. त्या वर्षीचा जगज्जेताही तोच. एका हिवाळ्यात माणूस एवढा बदलत नाही.

म्हणून चालकाची तुलना इतर संघांशी न करता संघातल्या सहकाऱ्याशी करतात, कारण गाडी तीच असते. ढोबळमानाने हे रास्त आहे. पण ‘तीच गाडी’ या गृहीतकातच खरी गोम आहे, आणि रेड बुलची दुसरी सीट हा त्याचा उत्तम नमुना.

गाडी वळणात शिरताना काय होतं ते पाहा. ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकांवर जातो आणि मागची चाकं हलकी होतात, म्हणजे त्यांची पकड घटते. त्याच क्षणी स्टीअरिंग वळवलं तर मागची बाजू निसटू पाहते. यालाच ओव्हरस्टीअर म्हणतात. उलट पुढची चाकंच घसरली आणि गाडी हवी तितकी वळेना, तर तो अंडरस्टीअर. पुढच्या चाकांची पकड जबर असलेली, मागून जरा सैल गाडी वळणाच्या सुरुवातीलाच झटकन फिरते. मग चालक लवकर सरळ रेषेत येतो आणि लवकर पेडल दाबू शकतो. अशी गाडी वेगवान असते, पण ती निसटायच्या आत सावरणारा हात हवा. व्हर्स्टापेनचा हात तसा आहे आणि त्याला गाडीही तशीच आवडते. पूर्वी रेड बुलमध्ये त्याचा सहकारी असलेल्या अलेक्स अल्बनने पुढे एका मुलाखतीत याचं वर्णन केलं ते असं: संगणकाच्या माऊसची संवेदनशीलता शेवटपर्यंत वाढवून ठेवा, मग हात नुसता हलला तरी बाण पडद्यावर सैरावैरा पळतो.

अशा गाडीत बसलेल्या दुसऱ्या माणसाच्या मनात शंका येते. तो ब्रेक किंचित आधी दाबतो, स्टीअरिंग किंचित हळू वळवतो. एका वळणावर दोन शतांश सेकंद गेले, तर शांघायच्या १६ वळणांत तीन दशांशाहून जास्त जातात. वर मागची चाकं घसरली की टायरचा पृष्ठभाग तापतो, पकड आणखी घटते आणि घसरणं वाढतं. मग तो गाडीची रचना सौम्य करून घेतो. आता मागची बाजू स्थिर होते, पण पुढची वळत नाही, आणि मुळातला वेगही जातो. २०२२ ते २०२५ च्या नियमांतल्या गाड्या जमिनीलगत आणि ताठ चालवाव्या लागत. उंचीत थोडा फरक पडला तरी संतुलन बिघडे. त्यामुळे मधला मार्ग फार अरुंद होता.

यात कट वगैरे काही नाही. अभियंते नवा भाग बसवतात आणि फेरीची वेळ पाहतात. जो चालक वेगवान, त्याच्या आकड्यांवरून पुढची दिशा ठरते. प्रत्येक पावलाला गाडी त्याच्या हातांना आणखी जुळत जाते आणि दुसऱ्याच्या हातून आणखी सुटत जाते. सांख्यिकीत याला आंतरक्रिया म्हणतात: चालक आणि गाडी यांच्या परिणामांची नुसती बेरीज करून चालत नाही.

लॉसन-त्सुनोदा अदलाबदलीने तर नकळत एक प्रयोगच घडवला. औषधांच्या चाचणीत दोन गटांचे उपचार मध्येच उलटे करतात, तसा. मेलबर्नला रेसिंग बुल्सच्या गाडीत त्सुनोदा पात्रता फेरीत पाचवा होता. अदलाबदलीनंतरच्या पहिल्याच पात्रता फेरीत, जपानमधल्या सुझुकाला, तो रेड बुलमध्ये पंधरावा आला आणि खालच्या संघात गेलेला लॉसन चौदावा! एका शर्यतीवरून निष्कर्ष काढू नये, हे मीच वर सांगितलं आहे. पण हंगाम संपला तेव्हा त्सुनोदाचे गुण ३३ होते, त्यातले ३ जुन्या गाडीतले. लॉसनचे ३८. व्हर्स्टापेनचे ४२१.

त्याआधीचा पुरावाही याच दिशेचा आहे. पिएर गॅसलीने २०१९ मध्ये याच सीटवर १२ शर्यतींत ६३ गुण मिळवले, तर व्हर्स्टापेनने १८१. त्याला खाली पाठवलं, आणि त्याने त्याच वर्षी ब्राझीलला दुसरा क्रमांक मिळवला, पुढच्या वर्षी मोंझाची शर्यत जिंकली. त्याच्या जागी आलेला अल्बन २०२० अखेर बाहेर पडला. विल्यम्समध्ये २०२५ च्या क्रमवारीत तो आठवा होता. इतके जण एकाच खुर्चीत बसून फसत असतील, तर खुर्ची तपासावी असं मला वाटतं.

अर्थात यात एक मेख आहे. व्हर्स्टापेन हा टोकाचा अपवाद आहे. त्याच्या शेजारी उभा केला की चांगला चालकही किरकोळ दिसतो. शिवाय गुणपद्धती (२५, १८, १५, १२…) छोट्या फरकाचा डोंगर करते. गाड्या अटीतटीच्या असल्या तर तीन दशांश सेकंद म्हणजे पहिली रांग आणि दहावा क्रमांक एवढं अंतर. वेळेतला फरक एक टक्क्याहूनही कमी, पण गुणांत एकाला २५ आणि दुसऱ्याला १.

मग चालक कधीच बदलू नये का? अल्बननंतर २०२४ अखेरपर्यंत याच सीटवर असलेल्या सर्जिओ पेरेझचं उदाहरण मला उलट दिशेला नेतं. २०२४ च्या पहिल्या पाच शर्यतींत तो चारदा पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, होता, नंतरच्या १९ शर्यतींत एकदाही नाही. एवढ्या मोठ्या नमुन्याला नशिबाचा फेरा म्हणता येत नाही. व्हर्स्टापेन ४३७ गुणांनी जगज्जेता झाला, पेरेझला १५२ मिळाले. एकूण ५८९. मॅकलॅरेनचे ६६६ आणि फेरारीचे ६५२ असल्याने जगज्जेत्याचा संघ तिसरा आला, आणि बक्षिसाची रक्कम संघांच्या क्रमावर ठरते. आदल्या वर्षी पेरेझचे स्वतःचे २८५ गुण होते. संघाने वाट पाहिली, जूनमध्ये करारही वाढवला, आणि डिसेंबरमध्ये त्याला हटवण्याचा निर्णय घेतला. गाडी वाकडी होती हे मान्य करूनही तो मला चुकीचा वाटत नाही.

चुकीचं वाटतं ते बदलीनंतर येणाऱ्या सुधारणेचं श्रेय. चालक बहुधा त्याचा सर्वांत वाईट काळ चालू असतानाच हटवला जातो, आणि वाईट काळानंतर कामगिरी आपोआप सरासरीकडे सरकते. फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ मध्ये आईवडिलांच्या व मुलांच्या उंचीत जे पाहिलं, तेच हे. यान व्हान ऊर्स आणि मार्टिन व्हान टॉइल यांनी डच फुटबॉल लीगमधल्या प्रशिक्षकांच्या हकालपट्ट्या तपासल्या. प्रशिक्षक गेल्यावर संघ सुधारत होते खरे, पण तितक्याच वाईट कामगिरीनंतर प्रशिक्षक टिकून राहिला तेव्हाही सुधारणा जवळपास तेवढीच होती. रेड बुलच्या दुसऱ्या सीटवर मात्र चालक बदलूनही कामगिरी सरासरीकडे सरकली नाही, हे मला जास्त सूचक वाटतं.

२०२६ साठी रेड बुलने त्या सीटवर इसाक हाजारला आणलं. त्याच वर्षी गाडीचे आणि इंजिनाचे नियम मुळापासून बदलले, आणि संघाने फोर्डच्या साथीने स्वतःचं इंजिन बनवलं. म्हणजे चालक, गाडी, इंजिन आणि नियम, चारही गोष्टी एकदम बदलल्या. आता हाजार चमकला काय किंवा बुडाला काय, कारण कोणतं हे निदान पहिल्या वर्षी तरी कुणालाच वेगळं काढता येणार नाही.