रिकाम्या माळावर मोजायचं काय?

भाद्रपदात इंदूरजवळच्या रालामंडल अभयारण्याच्या टेकडीकडे निघालो की रामबागेतल्या शेजारच्या काकू हमखास विचारतात, "अरे, त्या रिकाम्या माळावर मोजायला आहे तरी काय?" माझ्या पिशवीत चार लाकडी पट्ट्या, सुतळी आणि वही असते. पट्ट्या जोडल्या की मीटरभर लांब-रुंद चौकट होते. ती गवतावर ठेवायची आणि आत उगवलेली प्रत्येक जात लिहायची.

गेल्या वर्षी कुंपणाबाहेरच्या उतारावर पहिल्या चौकटीत ११ जाती निघाल्या. दुसरीत चार नव्या, तिसरीत दोन, सातवीत नवी एकही नाही. नव्या जाती मिळेनाशा झाल्या की त्या माळाची ओळख बऱ्यापैकी पटली असं समजायचं. चौकटीची जागा मात्र पावलं मोजूनच ठरवायची; नाहीतर डोळा फुलांकडेच ओढ घेतो आणि हिशेब चुकतो.

दबडघाव आणि शंकरनारायण या गवताच्या अभ्यासकांनी १९७३ साली देशातल्या गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार मांडले. आपला माळवा त्यातल्या सेहिमा-डायकँथियम या दोन गवतांच्या नावाच्या पट्ट्यात येतो. डायकँथियम म्हणजे मारवेल, गुरांचं आवडतं गवत. चराई वाढली की अशी गोड गवतं मागे हटतात आणि कुसळी पसरते. म्हणजे कुठलं गवत किती आहे, यावरून त्या माळावर काय बेतलं ते वाचता येतं.

कुसळीचं कुसळ एकदा तळहातावर ठेवून पाहाच. काळपट, पीळदार शेपूट, टोकाला अणकुचीदार बी. त्यावर पाण्याचा थेंब सोडा. शेपूट गरगर फिरू लागतं, कारण ओल लागली की पीळ सुटतो आणि सुकलं की पुन्हा बसतो. दव आणि ऊन यांच्या या फेऱ्यांत बी स्वतःला जमिनीत रुतवत नेतं. मी हे कितीदा पाहिलं असेल, तरी हात थांबतोच.

होळकर दरबारासाठी १९१८ साली इंदूरच्या नगररचनेचा अहवाल लिहिणारे पॅट्रिक गेडिस मुळात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट स्मिथ याने स्कॉटलंडमधल्या वनस्पतिसमूहांचे नकाशे केले. ते १९०० साली छापले गेले. आधी पायी फिरून पाहायचं, मग आखायचं, ही गेडिस यांची शिस्त मला फार मोलाची वाटते.

आज नकाशाला उपग्रह मदतीला आहे. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरचा दहा मीटर लांब-रुंद तुकडा दाखवतो. पण पावसाळ्यात गवत आणि माळ बळकावणारी घाणेरीची झुडपं, दोन्ही हिरवीगार. फेब्रुवारीत गवत पिवळं पडतं, घाणेरी बरीचशी हिरवी राहते. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की घाणेरीची बेटं उठून दिसतात. तिथे पायी जाऊन खात्री करायची.

घाणेरी वरून छाटली तर बुंध्यातून दुप्पट जोमाने फुटते. मुळाच्या मानेखाली तोडून झुडूप उलटं ठेवावं लागतं आणि मोकळ्या जागेत लगेच माळाचंच गवत पेरावं लागतं, नाहीतर घाणेरी किंवा गाजरगवत ती जागा बळकावतं. मी मोजलेल्या त्याच उतारावर झाडांची रोपं लावायचा बेत निघाला, तेव्हा मी वही पुढे केली. सावली पडली तर मारवेल टिकत नाही. झाडं ओढ्याकाठी लावावीत, उतार गवतालाच राहू द्यावा आणि विळा चालवायचा तो बी गळून पडल्यावर.

यंदा काकू म्हणाल्यात, "मलाही ने." त्यांच्यासाठी दुसरी वही घेतली आहे.